४००६०१४००६०१ : ठाण्याचा पिनकोड दोनदा लिहिला, आता अवयव कसे पाडायचे?

नौपाडा_गणितमंडळ

आठवी-नववीच्या मुलांच्या गणित प्रदर्शनासाठी एक मोठा तक्ता करायचा आहे. एकच मोठी संख्या घ्यायची आणि तिच्याबद्दल जे जे सिद्ध करून सांगता येईल ते सगळं मांडायचं. संख्या मुलांच्या ओळखीची हवी म्हणून ठाण्याचा पिनकोड ४००६०१ लागोपाठ दोनदा लिहिला. झाली बारा अंकी संख्या: ४,००,६०,१४,००,६०१. वाचताना चाळीस हजार साठ कोटी, चौदा लाख, सहाशे एक.

आतापर्यंत एवढं झालं आहे. २ पासून ९७ पर्यंत एकाही मूळ संख्येने भाग जात नाही. १०१ ने मात्र जातो आणि भागाकार येतो ३९६६३५०५०१. इथे गाडी अडली आहे. याचं वर्गमूळ ६२,९७८ च्या पुढे जातं, म्हणजे सहा हजारांहून जास्त मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. मुलांकडून ते होणार नाही.

प्रश्न असे:
१) १०१ ने भाग गेला हा निव्वळ योगायोग आहे का?
२) ३९६६३५०५०१ मूळ आहे की नाही, हे कागद आणि साध्या कॅल्क्युलेटरवर ठरवता येईल का?
३) भाजक किती, त्यांची बेरीज किती, आणि याशिवाय तक्त्यावर काय घालण्यासारखं आहे?
४) वाशीची एक शाळाही भाग घेते आहे. ते ४००७०३ घेणार. त्यांच्या संख्येला हेच सगळं लागू होईल का? दोन्ही पिनकोड जोडून ४००६०१४००७०३ अशी एक सामाईक संख्या करायचाही विचार आहे.

भाजक_कळवा

योगायोग अजिबात नाही. भागाकार करण्याआधी संख्या कशी तयार झाली ते बघा. पिनकोड सहा अंकी आहे. तो दोनदा लिहिला म्हणजे एकदा सहा घरं डावीकडे सरकवला आणि त्यात पुन्हा तोच मिळवला:

४००६०१४००६०१ = ४००६०१ × १०००००० + ४००६०१ = ४००६०१ × १००००००१ नव्हे, १०००००१.

शेवटच्या संख्येतली शून्यं मुद्दाम मोजायला लावा. दोन एकांच्या मध्ये पाचच शून्यं आहेत, आणि मुलं इथे हमखास एक जास्त घालतात. सहावं शून्य पडलं की आठ अंकी संख्या होते आणि पुढचं सगळं बिघडतं.

आता १०००००१ = १०१ × ९९०१. ताळा तोंडी होतो: ९९०१ ची शंभरपट ९९०१००, त्यात ९९०१ मिळवा. ९९०१ मूळ आहे का? त्याचं वर्गमूळ ९९.५ च्या आसपास, म्हणजे ९७ पर्यंतच्या पंचवीस मूळ संख्यांनी भागून बघायचं, बस्स. एकही लागत नाही.

म्हणजे कुठलीही सहा अंकी संख्या दोनदा लिहिली की तिला १०१ आणि ९९०१ ने भाग जाणारच. तुमचे ३९६६३५०५०१ म्हणजे ९९०१ × ४००६०१. सहा हजार भागाकारांची भीती संपली. उरला एकच प्रश्न: ४००६०१ स्वतः मूळ आहे का?

१०१ ची कसोटी तक्त्यावर जरूर घाला, कारण ती डोळ्यांना दिसते. उजवीकडून दोन-दोन अंकांचे गट पाडा आणि एकाआड एक अधिक-उणे करा:

०१ − ०६ + ४० − ०१ + ०६ − ४० = ०

पिनकोडमध्ये दोन अंकी गट तीन आहेत. तीन विषम असल्यामुळे दुसऱ्या प्रतीत प्रत्येक गटाचं चिन्ह उलटतं आणि सगळं कापलं जातं. चार अंकी संख्या दोनदा लिहिली तर गट दोनच, चिन्हं उलटत नाहीत, म्हणून तिथे १०१ ची हमी नाही. तिथे १०००१ = ७३ × १३७ चालतं. तीन अंकी असेल तर १००१ = ७ × ११ × १३, पाच अंकी असेल तर १००००१ = ११ × ९०९१, आठ अंकी असेल तर १०००००००१ = १७ × ५८८२३५३. (शून्यांची चूक इथेही होते, दोन एकांच्या मध्ये सातच शून्यं आहेत.) मुलांनी आपापली जन्मतारीख आठ अंकांत दोनदा लिहावी आणि १७ ने भागावी. प्रत्येकाचा भाग जाईल.

७, ११ आणि १३ साठी वेगळे तीन भागाकार करू नका. तीन-तीनचे गट एकाआड एक: ६०१ − ४०० + ६०१ − ४०० = ४०२. या ४०२ ला ७ ने भागून बाकी ३, ११ ने ६, १३ ने १२. आपल्या बारा अंकी संख्येचीही बाकी तीच. तेच गट नुसते मिळवले तर २००२ येतात आणि ३७ ने बाकी ४ उरते. २७ आणि ३७ या दोघांना ही बेरीज चालते, कारण ९९९ = २७ × ३७.

वर्तकनगर_अ

४००६०१ साठी सोपा मार्ग आहे. २ चा ४००६०० वा घात काढा आणि ४००६०१ ने भागा. बाकी १ येते. फर्माच्या प्रमेयाने संख्या मूळ. विषय संपला.

घात_आणि_बाकी

बाकी १ येते हे बरोबर आहे, पण तेवढ्याने विषय संपत नाही. प्रमेय सांगतं की संख्या मूळ असेल तर बाकी १ येते. उलट बाजू खरी नाही. ३४१ घ्या: २ चा ३४० वा घात ३४१ ने भागला तर बाकी १ येते, आणि ३४१ = ११ × ३१. ५६१ तर आणखी फसवी आहे, ५६१ शी सहमूळ असलेला कुठलाही पाया घेतला तरी बाकी १ च येते, आणि ५६१ = ३ × ११ × १७. प्रदर्शनात एखादा जाणकार परीक्षक आला तर नेमकं इथेच बोट ठेवेल.

पण याच गणिताला एक पायरी जोडली की पक्की सिद्धता होते, आणि ४००६०१ च्या बाबतीत ती फार देखणी आहे.

एक वजा करा: ४००६०० = २०० × २००३. यातला २००३ मूळ आहे. ४००६०१ चं वर्गमूळ ६३२.९ आहे, म्हणजे २००३ त्याच्यापेक्षा बराच मोठा. सगळी सिद्धता या एका गोष्टीवर उभी आहे.

पहिली पायरी, २ चा २०० वा घात. बाकी निम्म्याहून मोठी आली की ४००६०१ वजा करून ऋण लिहा, म्हणजे पुढचा वर्ग लहान राहतो:

२^२५ → −९६०५२
२^५० → १४५६७४
२^१०० → −१२२४९७
२^२०० → २०३३५२

दुसरी पायरी, या २०३३५२ चा २००३ वा घात. याला क्ष म्हणू. घातांक १, ३, ७, १५, ३१, ६२, १२५, २५०, ५००, १००१, २००३ असे चढवत न्यायचे: दर वेळी वर्ग करायचा, घातांक विषम हवा असेल तिथे आणखी एकदा क्ष ने गुणायचं. वाटेतले मैलाचे दगड देतो, चूक कुठे झाली ते लगेच कळेल:

क्ष^३ → −७२०१४
क्ष^७ → ३८४२७
क्ष^३१ → −१२१८८८
क्ष^६२ → −४१४२
क्ष^२५० → −१९७५४३
क्ष^१००१ → −८४१२५
क्ष^२००३ → १

तिसरी पायरी, २०३३५२ मधून १ वजा करा आणि २०३३५१ व ४००६०१ यांचा मसावि काढा. भागाकार पद्धतीने १९७२५०, ६१०१, २०१८, ४७, ४४, ३, २, १ अशा बाक्या येतात. मसावि १.

आता युक्तिवाद. समजा ४००६०१ चा एखादा मूळ अवयव प आहे. प ने भागताना क्ष च्या २००३ व्या घाताची बाकी १ आहे, पण क्ष ची स्वतःची बाकी १ नाही, कारण मसावि १ आला. २००३ मूळ असल्यामुळे त्याहून लहान कुठल्याही घाताला बाकी १ येऊ शकत नाही. म्हणून २००३ ने प−१ ला भाग गेलाच पाहिजे. म्हणजे प किमान २००४. पण ४००६०१ संयुक्त असती तर तिचा एक तरी मूळ अवयव ६३२ किंवा त्याहून लहान असता. तसा असू शकत नाही, म्हणून ४००६०१ मूळ.

कॅल्क्युलेटरबद्दल: आठ अंकी यंत्र चालणार नाही, बारा अंकी हवं. दुकानात हिशेबाला ठेवतात ते बहुतेक बारा अंकी असतं. बाकी काढताना भागाकाराचा पूर्णांक भाग घ्या, त्याला ४००६०१ ने गुणा आणि वजा करा. दशांशानंतरचा भाग गुणून बाकी काढायला जाऊ नका. तिथे यंत्र शेवटचे अंक कापतं, उत्तर एक-दोनने चुकतं, आणि घातांच्या साखळीत एकाची चूक पुढे सगळं नासवते. स्प्रेडशीटमध्ये केलं तर ती पंधरा अंकांपर्यंतच नेमकी असते. एकेका वर्गाला ते पुरतं, पण २ चा २०० वा घात थेट एका घरात काढून त्याला भागलं तर येणारी बाकी निरर्थक असते.

नौपाडा_गणितमंडळ

हे फार उपयोगी पडलं. घातांची साखळी नववीच्या चार-पाच मुलांना जमेल. बाकीच्यांसाठी याहून साधी काही सिद्धता आहे का? आणि भाजक आठच होतात ना? बेरजेला ४०४६०९६२२४०८ आलं आहे.

भाजक_कळवा

आठच, आणि बेरीज बरोबर. तिन्ही अवयव मूळ आणि वेगवेगळे, म्हणून २ × २ × २. यादी: १, १०१, ९९०१, ४००६०१, १०००००१, ४०४६०७०१, ३९६६३५०५०१ आणि ती संख्या स्वतः. बेरीज एकेक मिळवून न काढता १०२ × ९९०२ × ४००६०२ अशी काढा, ताळा दोन्ही बाजूंनी होईल. स्वतःला वगळून भाजकांची बेरीज ४००८२२१८०७ एवढीच भरते, म्हणजे संख्येच्या जेमतेम एक टक्का. परिपूर्ण संख्यांच्या शेजारी ठेवायला चांगलं उदाहरण आहे: ६ चे भाजक त्याला पूर्ण भरून काढतात, हिचे मात्र कितीतरी कमी पडतात.

तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ संख्या १०० × ९९०० × ४००६०० = ३,९६,५९,४०,००,०००.

साधी सिद्धता हवी असेल तर सरळ भागाकार. ६३१ पर्यंत ११५ मूळ संख्या आहेत. वर्गातल्या तीस मुलांना चार-चार वाटून द्या, एका तासात होतं. प्रत्येकाकडून बाकी लिहून घ्या आणि तो कागद फेकू नका, वाशीसाठी तोच लागेल.

दोन_वर्ग

घातांची साखळी आणि सरळ भागाकार यांच्या मधला एक मार्ग आहे, आणि तक्त्यावर सगळ्यात शोभेल असं काही त्यातूनच निघतं.

१०१, ९९०१, ४००६०१ या तिघांनाही ४ ने भागून बाकी १ उरते (शेवटचे दोन अंक ०१ आहेत ते बघा). अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि ती एकाच प्रकारे:

१०१ = १०^२ + १^२
९९०१ = ९९^२ + १०^२
४००६०१ = ३५५^२ + ५२४^२

शेवटची जोडी कशी शोधायची? नुसतं १ पासून सुरू करू नका. ४००६०१ ला ८ ने आणि १६ ने भागून बाकी बघा: १ आणि ९. यावरून कळतं की जोडीतली सम संख्या ४ च्या पटीत आणि विषम संख्येला ८ ने भागून बाकी ३ किंवा ५. पाचने बाकी १, म्हणून दोघांपैकी एक पाचच्या पटीत. तीनने बाकी २, म्हणून तीनच्या पटीत एकही नाही. सातने बाकी ५, म्हणून दोघांनाही सातने भागून बाकी १, २, ५ किंवा ६ च. एवढ्या चाळण्या लावल्या की ६३२ पर्यंतच्या विषम संख्यांपैकी फक्त ३६ उरतात. प्रत्येकीचा वर्ग ४००६०१ मधून वजा करायचा आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते बघायचं. ३५५ ला २७४५७६ उरतात, तो ५२४ चा वर्ग. बाकीच्या ३५ पैकी एकही लागत नाही. ६१ ला वाटतं की लागलं: ३९६८८० उरतात आणि ६३० चा वर्ग ३९६९००. वीसने हुकलं. मुलं इथे घाईत "आलं" म्हणून ओरडतात, वर्ग पूर्ण करायला लावा.

एकच जोडी सापडली, आणि ३५५ व ५२४ यांचा मसावि १ आहे. ४ ने भागून बाकी १ उरणाऱ्या संख्येला एवढं लागू झालं की ती मूळ किंवा मूळ संख्येचा घात असते, आणि ४००६०१ हा पूर्ण वर्ग, घन किंवा आणखी वरचा कुठलाही घात नाही. झाली सिद्धता. युलरने मोठ्या संख्यांची परीक्षा याच वाटेने केली होती.

आता बारा अंकी संख्या. दोन वर्गांची बेरीज असलेल्या दोन संख्या गुणल्या की गुणाकारही दोन वर्गांची बेरीज होतो, हे ब्रह्मगुप्तापासून माहीत आहे:

(अ^२ + ब^२)(क^२ + ड^२) = (अक + बड)^२ + (अड − बक)^२

चिन्हं अदलाबदल करून दुसरी जोडी मिळते. अ = १०००, ब = १, क = ३५५, ड = ५२४ घाला:

४००६०१४००६०१ = ३५५५२४^२ + ५२३६४५^२
४००६०१४००६०१ = ३५४४७६^२ + ५२४३५५^२

पहिल्या ओळीत ३५५ आणि ५२४ शेजारी शेजारी बसले आहेत, दुसऱ्या ओळीत ५२४ आणि ३५५. पिनकोड जोडून संख्या तयार झाली, तशीच तिची वर्गमुळंही जोडून तयार झाली. १००० च्या गुणाकाराने ३५५ तीन घरं सरकला आणि १ च्या गुणाकाराने ५२४ त्या रिकाम्या घरांत येऊन बसला. हे तक्त्याच्या मधोमध मोठ्या अक्षरांत हवं.

अवयव तीन, म्हणून एकूण जोड्या चार. उरलेल्या दोन १०००००१ = ९८०^२ + १९९^२ यावरून येतात: ४५२१७६ व ४४२८७५, आणि २४३६२४ व ५८४१६५. चारही जोड्यांचे वर्ग बारा अंकांत मावतात, तेव्हा ताळा कॅल्क्युलेटरवरच होईल.

सीबीडी_अंक

दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं नाव तक्त्यावर असायलाच हवं. १९०५ साली डहाणूत जन्म, माध्यमिक शिक्षण ठाण्यात, पुढे देवळालीला शाळेत शिक्षक. ठाण्याच्या पिनकोडवरच्या तक्त्यात त्यांची पद्धत नसेल तर तो अपुरा वाटेल.

त्यांच्या दोन कसोट्या इथे लावता येतात. पहिली हर्षद संख्या: अंकांच्या बेरजेने संख्येला भाग गेला पाहिजे. आपली बेरीज २२. संख्या विषम, म्हणून २२ ने भाग जाणार नाही. हर्षद नाही, एका ओळीत निकाल.

दुसरी स्वयंभू संख्या: जिला जनक नाही ती. जनक म्हणजे अशी लहान संख्या, जिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की आपली संख्या येते. शोधायला सोपं आहे. जनक आणि त्याच्या अंकांची बेरीज या दोघांची ९ ने बाकी सारखीच. आपल्या संख्येची ९ ने बाकी ४, म्हणून जनकाची बाकी २. म्हणजे अंकांची बेरीज २, ११, २०, २९, ३८ अशीच असू शकते, आणि बारा अंकी संख्येला ती १०८ च्या पुढे जात नाही. एवढ्याच संख्या वजा करून बघायच्या. २९ ला लागतं:

४००६०१४००५७२ च्या अंकांची बेरीज ४+६+१+४+५+७+२ = २९, आणि ४००६०१४००५७२ + २९ = ४००६०१४००६०१.

जनक सापडला, म्हणून स्वयंभू नाही. दुसरा जनकही नाही. एकट्या ४००६०१ चा जनक ४००५८२. मुलांना आधी तो शोधायला द्या, मग बारा अंकी.

जागा उरली तर डेम्लो संख्याही घ्या: १, १२१, १२३२१, १२३४३२१, म्हणजे १, ११, १११, ११११ यांचे वर्ग. कापरेकरांनी हे नाव रेल्वेच्या एका स्टेशनवरून ठेवलं, आणि ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. ठाण्याच्या मुलांना हे कळायला हवं.

अपूर्णांकही घेता येतील. १/१०१ = ०.००९९००९९..., चार अंकांची आवृत्ती. १/९९०१ मध्ये बारा अंकांची आवृत्ती येते: ०००१००९९९८९९. तिचे दोन तुकडे करा, ०००१०० आणि ९९९८९९, बेरीज ९९९९९९.

कोपरी_पूर्व

ठाणे पूर्वेचा ४००६०३ कोणी घेणार असेल तर: तो मूळ नाही. ४००६०३ = ७ × १५१ × ३७९. दोनदा लिहिला की मूळ अवयव पाच आणि भाजक ३२. अवयव पाडण्याच्या सरावाला ४००६०१ पेक्षा हाच बरा. आणि ४००६०२ तर सम, नौपाड्याचा असला तरी.

नौपाडा_गणितमंडळ

४००६०३ सहावी-सातवीच्या टेबलावर ठेवतो. वाशीचं तेवढं राहिलं.

भाजक_कळवा

४००७०३ सुद्धा मूळ आहे. वर सांगितलं तो बाक्यांचा कागद काढा. ४००७०३ − ४००६०१ = १०२, म्हणून प्रत्येक बाकीत १०२ मिळवायचे आणि पुन्हा त्याच मूळ संख्येने भागायचं. उदाहरणार्थ ३७ ने ठाण्याची बाकी २, वाशीची १०४ म्हणजे ३०. ७ ने ठाण्याची ५, वाशीची १०७ म्हणजे २. नवे मोठे भागाकार करावे लागत नाहीत. वर्गमूळ ६३३.०१, आणि ६३१ नंतरची मूळ संख्या ६४१, म्हणून ११५ चीच यादी पुरते. एकही बाकी शून्य येत नाही. एखाद्याची आली तर आधी त्याची ठाण्याची बाकी तपासा, चूक तिथेच असेल.

तेव्हा ४००७०३४००७०३ = १०१ × ९९०१ × ४००७०३. भाजक आठच, ताळ्याची रीत तीच. फरक एकाच जागी पडतो, पण तो मोठा आहे: ४००७०३ ला ४ ने भागून बाकी ३ उरते. असा मूळ अवयव एकदाच आला की संख्या दोन वर्गांची बेरीज कधीच होऊ शकत नाही. ठाण्याच्या संख्येला चार जोड्या, वाशीच्या संख्येला एकही नाही. दोन्ही तक्ते शेजारी लावा आणि मुलांना कारण विचारा.

सामाईक संख्या ४००६०१४००७०३ घेतली तर १०१ आणि ९९०१ चा नियम तुटतो, पण कसा तुटतो ते नेमकं सांगता येतं. १०१ ने आणि ९९०१ ने भागताना दहा लाखाची बाकी −१ असते, म्हणून संख्येची बाकी म्हणजे दुसरा पिनकोड वजा पहिला, अर्थात १०२. ९९०१ ने बाकी १०२, १०१ ने बाकी १.

उलट ७ ने भागताना दहा लाखाची बाकी +१ असते, म्हणून तिथे दोन्ही पिनकोडच्या बाक्या मिळवायच्या: ५ + २ = ७. भाग गेला! दोन्ही मूळ संख्या, जोडल्यावर मात्र ७ च्या पटीत: ४००६०१४००७०३ = ७ × ५७२२८७७१५२९. बेरजेत क्रमाला महत्त्व नाही, म्हणून वाशी आधी आणि ठाणे नंतर लिहिलं तरी भाग जातोच, ४००७०३४००६०१ = ७ × ५७२४३३४२९४३. फक्त १०१ ने मग बाकी १ ऐवजी १०० येईल, आणि ९९०१ ने ९७९९. सामाईक टेबलावर दोन्ही क्रम लिहून ठेवा, ठाण्याच्या मुलांनी एक भागावा, वाशीच्या मुलांनी दुसरा.